चमचाभर वंगण

२ सप्टेंबर, सोमवार

नवीन वही काढली. जुनीत वीस पानं कोरी होती, पण शेवटी शेवटी तिच्यात नुसत्या बुटांच्या नोंदी झाल्या होत्या. कुठला जोड कुठल्या फरशीवर कसा वाजतो, टाचा कधी बदलल्या, वगैरे. नवं काम, तर वहीही नवी.

काम असं. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट आहे, चाळीस भागांची, नुसती ऐकायची. चित्र नाही. म्हणजे म्हातारा चालला की मी चालायचं, तो जेवला की चमचा मी वाजवायचा, समुद्रपक्षी उडाले की मी छत्री फडफडवायची. नटमंडळी आपलं बोलून घरी जातात. उरलेलं सगळं जग माझ्याकडे. एकतीस वर्षं हेच करते आहे, तरी कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की माझी पंचाईत होते. "आवाज करते" म्हटलं की लोक ह्यांच्याकडे सहानुभूतीने बघतात.

दिग्दर्शिका नवी आहे. वयाने माझ्या मुलीएवढी, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, हल्ली तयार आवाजांचा साठा मिळतो. दहा हजार पावलं, बटण दाबलं की हजर. पहिले दहा भाग तुमच्याबरोबर करू. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते कळायला फार अक्कल लागत नाही. मला हे काम हवंय. पैशासाठी नाही, आमचं भागतं. पण त्या खोलीत गेलं की मला मी सापडते, आणि अठ्ठावन्न हे काही घरी बसायचं वय नव्हे.

काचेपलीकडे नेहमीचा ध्वनिमुद्रक आहे, ही जमेची बाजू. त्याला सगळे कानसेन म्हणतात. बारा वर्षं आम्ही एका काचेच्या दोन बाजूंना आहोत आणि त्याच्या तोंडून तीनच शब्द जास्त ऐकलेत: "हं", "परत" आणि "झालं". आज मात्र चौथं काहीतरी बोलला. वाळूच्या ट्रेवरची पावलं झाली, मी बसले, उठले, आणि त्याने हात वर केला. "थांबा ताई, खुर्ची वाजली."

मला ऐकूच आलं नव्हतं. माझ्या कानातून खुर्ची सुटली!

५ सप्टेंबर, गुरुवार

खुर्ची पुन्हा वाजली. दोनदा. आता मीही ऐकलं. वाळक्या पानावर कुणी हळूच पाय द्यावा तसा, क्रर्र करून. घरून शिलाई मशीनचं तेल नेऊन चारही सांध्यांत सोडलं. कानसेन काचेतून बघत होता. म्हणाला, "नटही घट्ट करून बघा." केले.

सकाळची एक गंमत लिहायची राहते रोज. मी पलंगावरून उठते न उठते तोच स्वयंपाकघरात ह्यांचं चहाचं आधण चढलेलं असतं. मी हाक मारलेली नसते, पाय वाजवलेला नसतो. संसाराची इतकी वर्षं झाली की माणसाला माणसाचं आतून कळत असावं. एरवी ह्यांना माझं काही कळतं असा पुरावा नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तेल घालूनही तेच. आणि कानसेनचं नवीनच खूळ. काम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मला खोलीभर चालायला लावतो. "माइकची पातळी लावतोय, फिरत राहा." बारा वर्षं दोन मिनिटांत लागणारी पातळी आता दहा मिनिटं घेते. वय झालं बिचाऱ्याचं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज बाईंनी ऐकलं. दिग्दर्शिकेला मी 'बाई' म्हणायला लागले आहे, तिला ते आवडलेलं दिसत नाही.

"हा आवाज कसला?"

"खुर्ची," कानसेन म्हणाला.

"मग ती बाहेर काढा. वाजणारी वस्तू इथे कशाला हवी?"

मी स्वतः उचलून बाहेर बोळात ठेवून आले. आता पहारेकरी तिच्यावर बसतो. त्याच्याखाली ती एकदाही वाजली नाही, मी मुद्दाम उभी राहून ऐकलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस लिहावा की नाही?

खुर्ची नाही, तरी आवाज आला. कानसेन म्हणाला पायाखालची फळी असेल. मी फळी पालथी घातली, ट्रे हलवले, बुटांच्या शेल्फाखाली कान लावून वाकले. वाकले तेव्हाही आवाज आला आणि उठले तेव्हाही. चाळीस जोडांपैकी कुठला बूट बोलतोय ते मी डोळे मिटून सांगते, आणि हे मला सापडेना. घरी येऊन ह्यांच्यापाशी बसून सगळं गाऱ्हाणं घातलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर केलं नाही.

"अगं, तो तुझा गुडघा. उजवा."

"काहीतरीच काय!"

"उठून दाखव."

उठले. क्रर्र.

"रोज सकाळी वाजतो तो," हे म्हणाले. "तो वाजला की मी चहा टाकतो. चार वर्षं झाली त्याला."

म्हणजे ते आतून कळणं वगैरे काही नाही. गुडघा! मला इतका राग आला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले, आणि बसताना पुन्हा वाजला. सगळ्या जगाचे आवाज ओळखणारी मी, आणि स्वतःचाच तेवढा राहिला.

राग उतरला तशी भीती वाटायला लागली. बाईंनी खुर्चीचं काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. वाजणारी वस्तू इथे कशाला हवी? उद्या त्यांना कळलं की वाजणारी वस्तू मी आहे, तर दहा भागही व्हायचे नाहीत. कुणाला कळू द्यायचं नाही. कानसेनला तर नाहीच. त्याला अजून फळीच वाटते आहे. माणूस भोळा आहे ते एक बरं.

१६ सप्टेंबर, सोमवार

विचार करून मार्ग काढला आहे. सांध्यात वंगण असतं हे मला माहीत आहे. ते संपत आलं की घासतं, घासलं की वाजतं. तेव्हा उरलंसुरलं जपून वापरायचं. आजपासून गुडघ्याला रजा. भाजी हे आणतील. जिना दिवसातून एकदाच चढायचा आणि एकदाच उतरायचा. कामाच्या ठिकाणी पोचल्यावर माझी पाळी येईपर्यंत पाय लांब करून गप्प बसायचं. कानसेनने पातळी लावायला बोलावलं तर सांगितलं, "मागचीच ठेव." त्याचा चेहरा पडला. तोही आता पातळीच्या आहारी गेलाय.

वर एक घट्ट पट्टाही चढवला आहे. साडीत दिसत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस वंगण जपलं आणि आज दुपारी जेवून उठताना गुडघा तीनदा बोलला. शिवाय आता दुखतोही. सकाळी तर पाय लाकडाचा. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

बाईंनी सगळं ऐकलं. शांतपणे म्हणाल्या, "फळी बदलली तरी आवाज आहेच. ताई, दहाव्या भागात तो दीपगृह चढतो. एकशे बारा पायऱ्या. तो प्रसंग आपण तयार साठ्यातून घेऊ या का?"

"साठ्यातली प्रत्येक पायरी सारखी वाजते," मी म्हणाले. "माणूस पहिली पायरी आणि शंभरावी पायरी एकसारखी चढत नाही. मी करते. एका दमात."

"मध्ये न थांबता?"

"म्हातारा थांबतो का? मग मी का थांबू?"

सात नोव्हेंबरला तो प्रसंग ठरला. हे बोलायला मला कुणी सांगितलं होतं? जीभ माझी, गुडघाही माझा, दोघांनी एकमेकांना विचारायला नको? एकशे बारा पायऱ्या स्वच्छ निघाल्या तर मी राहीन. नाही निघाल्या तर बाई मला चांगल्या शब्दांत घरी पाठवतील. त्यांचे शब्द तसे चांगलेच असतात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांनी अक्षरशः दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले थोडी झीज आहे, वयाला शोभेल इतकी. सुईची गरज नाही, ऑपरेशनचं नाव काढू नका, व्यायाम शिकून घ्या. आणि शेजारच्या खोलीत पाठवलं.

तिथली व्यायामवाली म्हणजे पोरच. मला 'काकू' म्हणाली. तेवढ्यावरून मी तिच्यावर फुली मारणार होते. पण तिने पुढ्यात प्लास्टिकचा गुडघा ठेवला आणि विचारलं, "काकू, आत वंगण किती असतं असं वाटतं तुम्हाला?"

"वाटीभर?"

"चमचाभरही नाही."

"म्हणजे माझं संपलंच असणार. मी जपून वापरतेय आता. फारशी हलतच नाही."

तिने कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, टप्प असा आवाज आला.

"काकू, ते डब्यातलं तेल नाही वापरलं की संपायला! सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. ते जुनं शोषून घेतं आणि नवं सोडतं, रोजच्या रोज, जन्मभर. अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं असतं ते, चिकट आणि बुळबुळीत. डॉक्टर त्याला सायनोव्हियल द्रव म्हणतात. आणि त्याचं काम नुसतं घासू न देण्याचं नाही." तिने प्लास्टिकच्या हाडाच्या टोकावर बोट ठेवलं. "हाडांच्या टोकांवर ही गुळगुळीत कूर्चा असते. हिला रक्तवाहिनी नाही. एकही नाही. मग ही जेवते कुठून?"

"कुठून?"

बेसिनपाशी भांडी घासायचा स्पंज होता. तो तिने बशीतल्या पाण्यात दाबला, सोडला, दाबला, सोडला. "पाय टेकला की कूर्चा अशी दाबली जाते. उचलला की द्रव आत ओढून घेते. त्यातूनच तिचं पोषण. तुम्ही बसून राहिलात तर ती उपाशी."

आठ दिवस मी माझ्याच गुडघ्याला उपाशी ठेवलं होतं, आणि वरून पट्टा आवळला होता! मला इतकं वाईट वाटलं की मी गुडघ्यावरून हात फिरवला. ती हसली नाही, म्हणून ती मला आवडली.

मग तिने सांगितलं की बसून राहिलं की हा द्रव घट्ट होतो, सांधा हलायला लागला की सैल पडतो. म्हणून सकाळी पाय लाकडाचा, आणि थोडं चाललं की मोकळा. व्यायाम चार आहेत. पहिला तर झोपल्या झोपल्याच, पलंगावरून उठायच्या आधी: पाय सरळ उचलायचा, धरायचा, ठेवायचा. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार कमी. रोज अर्धा तास चालायचं. पट्टा काढायचा.

"आणि आवाज जाईल ना?" मी विचारलं.

"दुखणं आणि आखडणं कमी होईल. आवाजाचं वचन मी देत नाही. पुष्कळांचे चांगले गुडघेही वाजतात."

तिला काय सांगू, माझं सगळं अडलंय ते आवाजावरच.

३० सप्टेंबर, सोमवार

रोज सकाळी ह्यांच्याबरोबर चालायला जाते. हे गेली दहा वर्षं एकटे जायचे आणि मला वाटायचं व्यायामाला जातात. कसलं! कोपऱ्यावरच्या प्रत्येक कुत्र्याशी बोलत जातात. कुत्री त्यांना ओळखतात आणि माझ्याकडे संशयाने बघतात.

कामावर गेल्या गेल्या कानसेनला म्हटलं, "लाव रे तुझी पातळी." तो खुलला. आता पंधरा मिनिटं चालवतो. त्याच्या खुळाच्या निमित्ताने माझा गुडघा आपोआप सैल होतो आणि त्याला पत्ताही नाही. शिवाय त्याने वाळूचे आणि खडीचे ट्रे जमिनीवरून उचलून टेबलावर चढवले. म्हणे खालून गुंजतं. लहान मुलांची पावलं मी हातात बूट घालून करते, त्यासाठी एरवी गुडघ्यांवर बसावं लागायचं. ते आता उभ्याने होतं. नशीब चांगलं असलं की सगळं असं जुळून येतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज मजा आली. गोष्टीतल्या कोळ्याचं बोट निखळतं आणि रखवालदार ते ओढून बसवतो. हाडाचा आवाज मी कायम माझ्याच बोटाने काढते. ओढलं, कट्ट वाजलं. बाई म्हणाल्या, "छान. अजून एकदा."

"वीस मिनिटं थांबावं लागेल."

"का?"

हे मला एकतीस वर्षं अनुभवाने माहीत होतं, कारण मात्र दोन आठवड्यांपूर्वीच व्यायामवालीने सांगितलंय. त्यामुळे जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगितलं. बोट ओढलं की सांध्याच्या आतली जागा वाढते, दाब उतरतो, आणि तिथल्या द्रवात विरघळलेला वायू एकदम बुडबुडा होऊन बाहेर पडतो. तो हा आवाज. तो वायू पुन्हा द्रवात मुरेपर्यंत तेच बोट काही केल्या वाजत नाही.

बाईंनी स्वतःचं बोट ओढलं. वाजलं. लगेच पुन्हा ओढलं. नाही वाजलं. "अरेच्चा!" म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

"दुसऱ्या बोटाने करा ना," कानसेन म्हणाला.

"ते करंगळीसारखं वाजेल. कोळ्याचं मधलं बोट निखळलंय."

तर आम्ही वीस मिनिटं थांबलो. बाईंनी स्वतः कॉफी आणली. त्यांची आई म्हणे आठ वर्षं खाटेवर आहे आणि तिच्या पायांची रोज थोडी हालचाल करून द्यायला नर्सने सांगितलंय, ते कशासाठी हे त्यांना आज कळलं. कॉफीचा कप बशीत ठेवताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही, ते माझ्या लक्षात राहिलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मूर्खपणा केला. सकाळी पाय इतका हलका वाटला की इमारतीचा जिना दहा वेळा चढून उतरले. सरावच करायचा तर भरपूर करू, म्हणून. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा.

व्यायामवालीने फोनवरच फैलावर घेतलं. सूज म्हणजे तेच अस्तर चिडून भराभर द्रव सोडायला लागतं. मी म्हटलं, मग वंगण वाढलं की! तर म्हणाली, वाढलेलं सगळं पाणचट असतं, त्याला ना चिकटपणा ना काही. बर्फ लावा, तीन दिवस जिना बंद, पाय मात्र पलंगावर हलवत राहा.

सोळा दिवस उरलेत. हे बर्फाची पिशवी धरून बसले होते. म्हटलं, "नाही जमलं तर?" तर म्हणाले, "तर कुत्र्यांना तुझी ओळख होईल." मला रडू आलं आणि हसूही. काम गेलं तर मी जगेन, चालेन, भाजी आणेन, सगळं करेन. पण कुणीतरी बटण दाबून काढलेली पावलं त्या म्हाताऱ्याच्या पायांत घालणार, हे मला सोसायचं नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सूज गेली. चार दिवसांत गुडघा एकदाच बोलला, तोही दबक्या आवाजात. रोज सकाळी पलंगावर वीस वेळा पाय उचलते, मग हळूच उठते. दोन दिवस झाले, चहाला उशीर होतोय. हे वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. मीच जाऊन आधण ठेवते. असू दे, वयानुसार विसरतात.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सावकाश, क्रमाने लिहिते.

पातळी लावायला आज कानसेनने वीस मिनिटं चालवलं. मग मधोमध लोखंडी पत्रा मारलेला ठोकळा ठेवला. त्यावर चढायचं वाजवून आणि उतरायचं न वाजवता, एकशे बारा वेळा. शेवटी म्हातारा वर पोचतो आणि पेटीवर बसतो, म्हणून बाजूला लाकडी पेटी. उजव्या पायात झिजल्या टाचेचा बूट घातला, डाव्यात त्याचाच जोडीदार. काचेपलीकडे बाई, हातात पेन्सिल. लाल दिवा लागला.

पहिल्या तीस पायऱ्या म्हातारा रोजच्या सवयीने चढला. चाळिशीला मी टाच थोडी ओढली. साठाव्या पायरीला त्याला खालून समुद्र ऐकू येतो, तिथे अर्धा श्वास थांबले. शंभरनंतर कानशिलावरून घाम कानात गेला, तरी मोजणी सुटली नाही. एकशे दहा. अकरा. बारा. पोचला. मी पेटीवर बसले.

क्रर्र.

त्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते. हा तर चांगला घसघशीत वाजला. बाईंनी डोकं वर केलं. "काय होतं ते?"

"खुर्ची," कानसेन म्हणाला.

खोलीत खुर्ची नव्हती. दोन महिने झाले, ती बोळात पहारेकऱ्याच्या खाली आहे. कानसेन कानापर्यंत लाल झाला.

"बाई, तो माझा गुडघा आहे," मी म्हणाले. "सप्टेंबरपासून जे ऐकताय ते सगळं तोच. खुर्चीचा काही दोष नाही."

आता मला घरी पाठवणार, अशी मी वाट बघत उभी राहिले. बाई म्हणाल्या, "पण ताई, शोभतंय ते. सत्तरीचा म्हातारा आहे. असू दे ना तसंच."

कुणी दुसरी असती तर हातच जोडले असते. माझा जीवही भांड्यात पडायला हवा होता. पण मला ते पटेना, त्याला मी काय करू?

"नाही," मी म्हटलं. "हा माणूस चाळीस वर्षं रोज एकशे बारा पायऱ्या चढतोय. त्याच्या गुडघ्यात वंगण फिरतं असणार, त्याची कूर्चा पोटभर जेवलेली असणार. तो वाजणार नाही. वाजतोय तो बसून राहिलेल्या बाईचा गुडघा. त्याचा नाही, माझा. पुन्हा करते."

"सगळ्या पायऱ्या?"

"एका दमातच ठरलंय ना?"

पाणी प्यायले. खोलीला दोन फेऱ्या मारल्या. लाल दिवा. पुन्हा एक ते एकशे बारा, आणि देवाशप्पथ, दुसऱ्यांदा पाय जास्त मोकळे होते. पेटीवर बसताना भार मांडीवर घेतला, व्यायामवालीने शिकवला तसा, आणि टेकले. पेटीचं लाकूड वाजलं. बूट वाजला. बाकी काही नाही.

"झालं," कानसेन म्हणाला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, उरलेल्या तीस भागांच्या तारखा काढू या. तुम्हाला सकाळ बरी की दुपार?"

"थोडं चालून झाल्यावर कधीही," मी म्हणाले.

त्या गेल्यावर कानसेनने मला काचेपलीकडे बोलावलं. संगणकावर एक कप्पा उघडला. त्याचं नाव 'खुर्ची'. आत एकशे त्रेचाळीस तुकडे, प्रत्येकावर तारीख. पहिला चार वर्षांपूर्वीचा.

"कापून ठेवत गेलो," खाली बघत म्हणाला. "टाकवेनात. यंदा पावलांवरच यायला लागले, कापता येईनात, म्हणून खुर्ची म्हणालो. तुम्ही बसून राहिलात की जास्त यायचे, फिरलात की कमी. म्हणून पातळी लावायचो."

"आणि ट्रे?"

"हं."

"आणि मला नट घट्ट करायला लावलेस ते?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," म्हणाला. बारा वर्षांतलं हे त्याचं सगळ्यात लांब भाषण असेल. मी भोळा समजत होते ह्याला.

त्याने सगळे तुकडे ओळीने लावले, तीन मिनिटंही झाली नाहीत. पहिले अगदी नाजूक. मग जाड होत गेले. सप्टेंबरात तर ओळीने दणदणाट, माझ्या त्या रजेच्या आठवड्यात. मग विरळ, मऊ, आणि शेवटचा आजचा. आम्ही दोघंही हसत होतो, माझे डोळे मात्र भरले होते.

"पुसू?" त्याने विचारलं.

"नको. राहू दे."

१७ नोव्हेंबर, रविवार

आज कामाला सुट्टी. झोपल्या झोपल्या पाय उचलले, उठले. काही नाही. चहाचंही काही नाही. स्वयंपाकघरात गेले तर हे खुर्चीत बसलेले, समोर कोरडं पातेलं, डोळे माझ्या खोलीच्या दाराकडे.

"उठलीस कधी?" म्हणाले. "ऐकूच आलं नाही."

"तुम्ही ऐकत बसता?"

"रोज." मग पातेलं सरळ करत म्हणाले, "पंधरा दिवस झाले, तुझं काही कळतच नाही. दोनदा दाराशी येऊन बघून गेलो, बरी आहेस ना म्हणून."

मी इकडे विसराळू ठरवून मोकळी झाले होते. हे आतून कळणं नसेल, पण चार वर्षं रोज पहाटे कुणीतरी माझा गुडघा वाजायची वाट बघत बसलेलं असणं, ह्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. बसले त्यांच्याजवळ. उठवेना.

थोड्या वेळाने म्हटलं, थांबा. परत खोलीत गेले, पलंगावर पडले, पाय सरळ केले, उठून बसले, आणि उजव्या हाताचं मधलं बोट धरून ओढलं.

कट्ट.

"उठलीस का गं?" आतून हाक आली. "टाकतो."